सॉलिसिटर मध्ये न घालता थेट बॅरिस्टर: सात महिन्यांनंतर

आजोबा वेंगुर्ल्याचे. त्यांच्यासाठी बॅरिस्टर म्हणजे नाथ पै, दुसरं कोणी नाही. त्यामुळे लंडनच्या वेंबलीतल्या आमच्या फ्लॅटचा तंटा बॅरिस्टरकडे नेला, तेव्हा घरून पहिला प्रश्न आला तो विगचा. विग नव्हता. ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे असे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, साध्या सुटात काम चालतं.

इथे फ्लॅट आपला म्हणजे लीजपुरता, मुदतीच्या पट्ट्यापुरता आपला, इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची. जनरल बॉडी नाही, भांडायला सेक्रेटरीही नाही. फ्रीहोल्डरने छत दुरुस्त केलं आणि दर फ्लॅटला ९,४०० पौंडांचं बिल धाडलं. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टचं कलम २० सांगतं की एका फ्लॅटवर २५० पौंडांहून जास्त बोजा येणार असेल तर आधी रहिवाशांना विचारा, नाहीतर वसुली २५० वरच थांबेल. आम्हाला नोटीसच आली नव्हती. मला वाटलं, जिंकलो.

२००४ पासून इथे 'पब्लिक अ‍ॅक्सेस'मधून बॅरिस्टर थेट नेमता येतो; एरवी तो सॉलिसिटरमार्फत, म्हणजे कागदपत्रं आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या वकिलामार्फत, नेमतात. आम्ही चार घरांनी मिळून नेमलेला माणूस व्यापारी करार, मालमत्ता आणि मानवी हक्क अशी तिन्ही कामं करतो. खरं सांगायचं तर 'मानवी हक्क' वाचूनच मी भुललो. घराचा आदर, युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ८, असं दोन पानी टिपणही करून नेलं होतं. पहिल्याच बैठकीत त्याने ते बाजूला सारलं. मालक खासगी आहे. २०१६ च्या मॅकडॉनल्ड खटल्यात खासगी मालक घराचा ताबा मागत होता, तिथेसुद्धा सुप्रीम कोर्टाने हा मुद्दा चालू दिला नाही. मग बिलाच्या भांडणात कुठला चालायला? दुसरा दणका २०१३ च्या डेजान खटल्याचा: नोटीस चुकली तरी ट्रायब्युनल मालकाला रहिवाशांना विचारण्याच्या अटीतून सूट देऊ शकतं. त्यामुळे तुमचं नुकसान नेमकं काय झालं ते दाखवा. "आधी दुसऱ्या छतवाल्याचं कोटेशन आणा," एवढंच बोलला. पैसे वसूल झाले ते याच तासाभरात.

बाकी हमाली आपली. अर्ज भरणं, पत्रव्यवहार, तारखा सांभाळणं हे तो करत नाही. तशी वेगळी परवानगी असलेले बॅरिस्टर थोडे. सुनावणीसाठी द्यायचा कागदपत्रांचा आमचा बंडल ३१२ पानांचा. रात्री दोनला मध्येच एक पावती घुसवली आणि पुढचे सगळे पाननंबर एकाने सरकले. ज्यांना असलं जमत नाही त्यांनी सॉलिसिटरच घ्यावा.

पैशांची बोलणी बॅरिस्टरच्या क्लार्कशी. दर टप्प्याची फी आधी लेखी ठरते, वर २० टक्के व्हॅट. मी उत्साहाने एका रात्रीत तीन ईमेल केले, तर सकाळी क्लार्कचं गोड उत्तर: पुढच्या प्रश्नांचं वेगळं कोटेशन पाठवू का? राग आला, पण करारात तसं लिहिलेलंच होतं.

सुनावणीत साहेब फार बोललेच नाहीत. मॅनेजिंग एजंटला, म्हणजे मालकाच्या वतीने इमारत सांभाळणाऱ्याला, आमच्या कोटेशनवर चार प्रश्न विचारले आणि खाली बसले. मालकाला सूट मिळाली, पण अटींवर: बिल ६,९०० वर आणायचं आणि सूट मागणाऱ्या त्यांच्या अर्जापायी आम्हाला झालेला वाजवी खर्च द्यायचा. शिवाय कलम २०सी खाली आदेश झाला, म्हणजे त्यांच्या वकिलाची फी सर्व्हिस चार्जमधून, म्हणजे इमारतीच्या देखभालीपायी आम्ही भरतो त्या पैशांतून, आमच्याच माथी येणार नाही. २५० ची स्वप्नं बघणारं एक घर अजून नाराज आहे.

गेल्या आठवड्यात लिफ्टची नोटीस आली. या खेपेस रीतसर, ३० दिवसांची मुदत देऊन. मी लिफ्टवाला शोधतोय.