ट्रकच्या तापलेल्या इंजिनासाठी फुल ओव्हरहॉल किट: खोक्यात काय असतं, काय नसतं

सहा सिलिंडरच्या वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारी, बदलता येणारी सिलिंडरची नळी) डिझेल इंजिनासाठी ‘फुल ओव्हरहॉल किट’ म्हणून जे खोकं मिळतं, ते झिजलेलं इंजिन डोळ्यासमोर ठेवून भरलेलं असतं. तापलेलं इंजिन झिजलेलं नसतं, ते वाकलेलं असतं. हा फरक लक्षात न घेता किट मागवलं, की नवे लायनर-पिस्टन घालूनही गाडी पुन्हा पाणी फेकते आणि दोष किटला जातो. किटचे खरे दोष वेगळे आहेत.

खोक्यात साधारणपणे सहा लायनर, पिनसकट सहा पिस्टन, रिंगा, सर्क्लिप, लायनरच्या ओ-रिंगा, मेन आणि कॉनरॉड बेअरिंगचे सेट, थ्रस्ट वॉशर, हेड गॅस्केट, बाकीचे गॅस्केट आणि क्रँकचे पुढचे-मागचे ऑईल सील येतात. वेट लायनरचा मोठा फायदा म्हणजे ब्लॉक बोअरिंगला न्यावा लागत नाही. हेड वरून आणि चेंबर (तळाची ऑईलची टाकी) खालून काढलं, की इंजिन चेसीवरच ठेवून काम होतं. घरच्या शेडमध्ये हे जमतं ते एवढ्यामुळेच. फक्त चाकांना उटी आणि उचललेल्या केबिनला लॉक हवाच. केबिन नुसत्या हायड्रॉलिकवर सोडून तिच्याखाली डोकं घालू नका.

लायनर हा किटमधला सर्वांत चांगला भाग. ते तयार हॉनिंग (आतून दगडाने तिरप्या बारीक रेघा पाडणं) करून येतात, त्यामुळे पुन्हा दगड फिरवायची गरज नाही. वरचं गंजरोधक तेल मात्र काढायलाच हवं, आणि ते डिझेलने नव्हे. डिझेलने पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण बारीक कण हॉनिंगच्या रेघांत बसून राहतात आणि नव्या रिंगा खातात. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्या. पांढऱ्या फडक्यावर काळा डाग उठेनासा होईपर्यंत धुवा, कोरडं करा आणि लगेच ऑईलचा हात फिरवा.

लायनर बसवण्याआधी तो ओ-रिंगांशिवाय ब्लॉकमध्ये ठेवा, दाबून धरा आणि डायल गेजने त्याचा उठाव चार ठिकाणी मोजा. उठाव म्हणजे लायनरची कॉलर ब्लॉकच्या माथ्यापासून किती वर राहते ते माप. बऱ्याच इंजिनांत ते 0.05 ते 0.15 मिमीच्या आसपास असतं. अचूक आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. तापलेल्या ब्लॉकमध्ये कॉलरची बैठक दबलेली किंवा गंजून खाल्लेली सापडते. तिथे उठाव कमी पडला की गॅस्केटची फायर रिंग (सिलिंडरच्या तोंडाभोवतीचं धातूचं कडं) दाबली जात नाही आणि ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो. शेजारच्या दोन लायनरांच्या उठावातला फरकही पाहा, कारण एकच हेड दोघांवर बसत असेल तर ते उंच लायनरवर टेकतं आणि बुटका उपाशी राहतो. उपाय म्हणजे बैठक कटरने साफ करून खाली शिम, म्हणजे उंची भरून काढणारी पातळ चकती. शिम किटमध्ये नसतात. इतक्या मोठ्या खोक्यात चार पातळ चकत्या ठेवायला जागा नव्हती असं म्हणता येत नाही.

ओ-रिंगांवर किटचा पहिला मोठा गुण कापावा लागतो. त्या कोणत्या रबराच्या आहेत हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. नायट्राईल किंवा व्हायटॉनच्या असतील तर इंजिन ऑईल लावून बसवता येतात. ईपीडीएमच्या असतील तर तेच ऑईल त्यांना फुगवतं. फुगलेली रिंग खाचेतून बाहेर येऊन कापली जाते आणि पाणी थेट चेंबरमध्ये उतरतं. रंगावरून ओळखता येत नाही. पुरवठादाराने लेखी सांगितलं नसेल तर साबणाचं पाणी वापरा, ते दोन्हींना चालतं. लायनर हाताच्या जोराने सरळ खाली जायला हवा. अडला तर ठोकू नका, बाहेर काढून रिंग पिळली आहे का पाहा.

पिस्टन आणि रिंगा ठीक असतात, पण खोक्यातून काढून थेट चढवू नका. प्रत्येक रिंग तिच्याच लायनरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तोंडाची फट फीलर गेजने मोजा. वरच्या रिंगेसाठी ढोबळ हिशेब 100 मिमी बोअरला 0.3 ते 0.4 मिमी. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग लायनर ओरबाडते. जास्त असेल तर ब्लो-बाय, म्हणजे ज्वलनाचा वायू रिंगांवरून खाली निसटतो. खूण असलेली बाजू वर, फटी एकमेकींपासून 120 अंशांवर.

जुने पिस्टन फेकण्याआधी नीट पाहा, तापण्याचं कारण त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. पिनच्या दोन्ही बाजूंना चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर पिस्टन बोअरपेक्षा जास्त फुगला होता, म्हणजे पाणी कमी पडलं. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं, म्हणून आधी पिस्टन धरतो. सहापैकी एकच पिस्टन खराब आणि बाकीचे स्वच्छ असतील तर रेडिएटरला दोष देऊ नका. त्या सिलिंडरचा इंजेक्टर टपकत असेल किंवा पिस्टनवर ऑईल मारणारा जेट वाकलेला वा तुंबलेला असेल. हे जेट किटमध्ये सहसा नसतात. शिवाय पिस्टन घालताना कॉनरॉडचा धक्का लागून जेट सहज वाकतो, मग नवा पिस्टनही जुन्याच्या वाटेने जातो.

बेअरिंग बहुतेक किटमध्ये स्टँडर्ड साइझची येतात. त्यामुळे क्रँक मोजल्याशिवाय किट मागवणं म्हणजे पाय न मोजता बूट घेणं. पाणी ऑईलमध्ये उतरलं असेल तर जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) तपासाच, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ऑईलची फिल्म मोडतं. जर्नल निळसर झालेलं असेल तर क्रँक बाहेर काढून कडकपणा आणि तडे तपासून घ्या. ग्राइंडिंग झालं तर 0.25 किंवा 0.50 मिमी अंडरसाइझ बेअरिंग लागतील आणि किटमधली वाया जातील. बेअरिंग आणि जर्नलमधला गॅप तपासायला प्लास्टिगेज (दाबली की चपटी होणारी मऊ प्लास्टिकची तार, तिच्या रुंदीवरून गॅप कळतो) स्वस्त आणि पुरेसं आहे. हिरवी तार 0.025 ते 0.076 मिमी, लाल 0.051 ते 0.152 मिमी मोजते. तार ठेवून पूर्ण टॉर्क दिल्यावर क्रँक फिरवायचा नाही, नाहीतर माप पुसलं जातं.

आता गॅस्केट सेट, आणि इथे किट सर्वांत कमी पडतं. तापलेल्या इंजिनाचं हेड जवळजवळ नेहमीच फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला जातं. सरळ पट्टी आणि फीलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. 0.1 मिमीची पात आत शिरत असेल तर बहुतेक हेड मशीनवर जातात. त्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या: पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. थंड असताना मिटलेली तडा गरम झाल्यावरच बुडबुडे सोडते. तडा बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या अरुंद पुलावर असते. फेसिंगनंतर व्हॉल्व्हची खोली आणि इंजेक्टरची नोझल किती बाहेर येते हेही मोजायला हवं. ते राहिलं तर पिस्टन व्हॉल्व्हला टेकतो किंवा फवारा चुकीच्या जागी पडतो.

अनेक इंजिनांत हेड गॅस्केट दोन-तीन जाडीत मिळतं आणि कोणतं घ्यायचं हे पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर ठरतं. काठावरच्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी ओळखतात. किटमध्ये एकच जाडी येते, बहुधा मधली. हेड घासल्यावर जाड गॅस्केटची भरपाई चालते की नाही हेही मॅन्युअल सांगतं, किटच्या कागदात त्यावर एक ओळ नसते. गॅस्केट मल्टी-लेयर स्टीलचं असेल तर फेसिंगही गुळगुळीत लागतं. लेथवाल्याला गॅस्केट दाखवूनच काम द्या. जुनं गॅस्केट खरवडायला ग्राइंडरवरची घासणारी चकती लावू नका. तिची पूड ऑईलच्या वाटांत जाते आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खाते.

हेड बोल्टही खोक्यात नसतात. टॉर्कनंतर अंशांत फिरवायचे बोल्ट ताणले गेलेले असतात, ते नवेच घ्या. ब्लॉकमधल्या बंद भोकांत ऑईल किंवा पाणी साचलं असेल तर बोल्ट पिळताना ते दाबलं जाऊन बीड फुटू शकतं. टॅप फिरवा, हवा मारा, मग बोल्टाच्या आट्यांना आणि डोक्याखाली फक्त ऑईलचा हात लावा.

याशिवाय वेगळं घ्यायचं: थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, वॉटर पंप किंवा त्याचं सील, ऑईल कूलरचे गॅस्केट, कोअर प्लग, होज. थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरसह तपासता येतो, पण इंजिन तापून गेलं असेल तर तो बदलाच. झाकणाला क्षुल्लक समजू नका. 1 बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही, सैल झालं तर 100 लाच उकळून बाहेर. ऑईल कूलर फुटका राहिला तर सगळं काम फुकट, म्हणून त्यालाही हवा भरून पाण्यात बुडवा.

किटसोबतच्या कागदावर सुरू करण्याबद्दल काहीच नसतं. इंधन बंद ठेवून स्टार्टर थोड्या थोड्या वेळाने मारा. ऑईल प्रेशर दिसलं की मगच इंधन सोडा. पाणी भरताना हवेचे बोल्ट सैल ठेवा, नाहीतर हेडमध्ये हवेचा फुगा राहतो आणि काटा थंड दाखवत असतानाच हेड भाजतं. वेट लायनरला अँटी-कॅव्हिटेशन रसायन (पाण्यातल्या बुडबुड्यांनी लायनरला बाहेरून खड्डे पडू न देणारं) असलेलं, डिझेल इंजिनासाठीचंच कूलंट लागतं. इंजिन तासन्‌तास रिकामं चालवत ठेवू नका, त्याने लायनर गुळगुळीत होतात आणि रिंगा बसत नाहीत. गरम झाल्यावर लवकरच मध्यम भार द्या. इंजिन गार असताना झाकण काढून सुरू करा आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का पाहा. येत असतील तर गाडी रस्त्यावर न नेता आधी लायनरच्या उठावाचे लिहून ठेवलेले आकडे काढा.