डबल मार्कर, क्वाड्रुपल की एनआयपीटी?

गर्भातल्या बाळाला डाऊन सिंड्रोम (जादा गुणसूत्रामुळे येणारा जन्मजात दोष) आहे का, यासाठी कोणती रक्ततपासणी करायची, हे आधी गरोदरपणाचे आठवडे ठरवतात, मग खिसा. पेठ-सुरगाण्याहून नाशिकच्या डॉक्टरांपर्यंत पोचेतो चौथा महिना लागला असेल, तर डबल मार्करची वेळ गेलेली असते. ती तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच होते.

वेळ हातात असेल, तर माझं मत डबल मार्करच्या बाजूने, पण एनटी सोनोग्राफीसकट (तिच्यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजतात). रक्तात दोन घटक बघतात. डाऊन असलेल्या गर्भात पॅप-ए साधारण कमी असतं, फ्री बीटा एचसीजी जास्त. नुसत्या रक्तावर आणि आईच्या वयावर डाऊन असलेल्या शंभरातली सुमारे 65 बाळं ओळखता येतात, एनटी जोडली की 85 ते 90. म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडवर रक्त देऊन सोनोग्राफी पुढे ढकलणं मला पटत नाही. पॅप-एमधला फरक नवव्या-दहाव्या आठवड्यात जास्त ठळक असतो, तेराव्यापर्यंत पुसट होत जातो. फॉर्मवर वजन, मधुमेह, आयव्हीएफ, धूम्रपान नीट लिहा; हिशोब त्यावरूनच होतो.

रिपोर्टवर 1:180 दिसलं की घरात रडारड सुरू होते. अर्थ एवढाच, की असा आकडा आलेल्या 180 जणींपैकी एकीच्या बाळाला डाऊन असेल, 179 जणींच्या नसेल.

क्वाड्रुपल पंधरा ते वीस आठवड्यांत. त्यात चार घटक: एएफपी आणि एस्ट्रिऑल कमी, एचसीजी आणि इनहिबिन-ए जास्त. डाऊनची शंभरातली सुमारे 80 बाळं ओळखते. उशीर झालेल्यांसाठी ठीक. ट्रिपल मार्करमध्ये इनहिबिन नसतं, त्यामुळे क्वाड्रुपल मिळत असताना तिच्या वाटेला जाऊ नका.

एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून होते. आईच्या रक्तात वारेचा डीएनए फिरत असतो, तो तपासतात. पकड 99 टक्क्यांच्या आसपास, खोटी घंटा हजारात एखादीच. (डबल मार्कर-एनटीत ती शंभरात पाच.) पण किंमत कितीतरी पट, वजन फार असेल तर कधी निकालच येत नाही, आणि तीही चाळणीच, पक्कं निदान नव्हे. मुलगा की मुलगी हे कायद्याने कळणार नाही, विचारूही नका.

पस्तिशी ओलांडली असेल आणि परवडत असेल, तर थेट एनआयपीटी करा, एनटी मात्र सोडू नका. डबल मार्करचा आकडा जास्त आणि कमी धोक्याच्या मधल्या पट्ट्यात अडकला, तरी पुढची पायरी एनआयपीटीच. एनटी 3.5 मिमी किंवा जास्त आली, तर एनआयपीटीत वेळ न दवडता सीव्हीएस (वारेचा बारीक तुकडा काढून तपासणं) किंवा गर्भजलतपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला.