एक वाटी म्हणजे नेमकी किती? ऑनलाइन आहारसल्ल्याचे सात महिने

सदस्यत्वाचे नूतनीकरण करा, असे सुचवणारा सातवा संदेश काल आला, म्हणून हा अनुभव लिहावयास बसलो आहे. जानेवारीत माझे एचबीए१सी (रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण) ६.२ टक्के निघाले. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जात असल्यामुळे डॉक्टरांनी औषध न देता आहार सुधारण्यास सांगितले, आणि मी तीन महिन्यांचे ऑनलाइन आहार-मार्गदर्शन ३,६०० रुपये भरून घेतले. कंपनीचे नाव येथे देत नाही.

सुरुवातीचे तीन आठवडे मी समाधानी होतो. तक्ता देखणा होता, सकाळी आठवण येत असे, आणि इंदूरच्या माणसाला पोहे सोडावयास न सांगता केवळ वरची शेव कमी करा व सोबत उसळ घ्या असे सांगणारा सल्लागार मिळाल्याचा आनंद वेगळाच होता. रविवारची जलेबी मात्र गेली, ती गेलीच.

अडचण आली ती वाटीवरून. तक्त्यात सर्वत्र ‘एक वाटी’ लिहिलेले होते. एक वाटी वरण, एक वाटी भाजी, अर्धी वाटी भात. आमच्या घरात तीन प्रकारच्या वाट्या आहेत. मोजपात्राने पाणी घालून पाहिले, तेव्हा आईच्या वेळच्या जड स्टीलच्या वाटीत २२० मिलिलिटर मावले आणि सुनेने आणलेल्या नव्या वाटीत १४०. कोणती वाटी धरावयाची, हे मी कंपनीला चार वेळा विचारले. प्रत्येक वेळी उत्तर एकच आले, “सर, नॉर्मल कटोरी.” सौ. म्हणाली, “अहो, वाटी म्हणजे वाटी. जेवा आता.” तिचे ठीक आहे, तिने ३,६०० रुपये भरलेले नव्हते.

मग मी ४५० रुपयांचा स्वयंपाकघरातील वजनकाटा आणला, आणि त्या काट्याने कंपनीचे पितळ उघडे पाडले. तक्त्यात एक वाटी तूरडाळीच्या वरणासमोर २२ ग्रॅम प्रथिने लिहिलेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते उघडून पाहिले, तर हा आकडा १०० ग्रॅम कच्च्या डाळीचा असल्याचे आढळले. आमच्याकडे ६० ग्रॅम डाळीचे वरण मध्यम आकाराच्या दोन वाट्या भरते, म्हणजे वाटीमागे ३० ग्रॅम डाळ आणि जेमतेम साडेसहा ग्रॅम प्रथिने. दोन वाट्यांतून ४४ ग्रॅम मिळाले असे मानून मी निश्चिंत होतो आणि प्रत्यक्षात १३ मिळत होते. त्याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. माझ्या ६६ किलोंना ती सुमारे ५५ ग्रॅम होतात. हे सर्व लिहून पैसे परत मागितले, तेव्हा नियमांत परतावा नाही असे कळवून त्यांनी एक महिना मोफत वाढवून दिला. चुकीच्या तक्त्याचा आणखी एक महिना, हा परतावा मला समजला नाही.

सदस्यत्वाच्या काळातच मी काही आहारतज्ज्ञांचे मोफत लेखनही वाचू लागलो होतो, आणि त्याविषयीचे माझे पहिले मत प्रतिकूल होते, हे मान्य करतो. एका रुग्णालयात काम करणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई तर प्रत्येक लेखात ‘मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा’ असे लिहीत. मला ही जबाबदारी झटकण्याची पद्धत वाटली. पुढे ग्वाल्हेरहून दादाने माझा तक्ता मागवला. तो पाठवणार, एवढ्यात ते वाक्य आठवले, कारण दादाला मूत्रपिंडाचाच त्रास आहे आणि अशा रुग्णाला प्रथिने किती द्यावयाची हे त्याच्या तपासण्या पाहूनच ठरवावे लागते. माझ्या तक्त्यात पुढे वाढवलेली डाळ आणि पनीर त्याला तशीच गेली असती. त्या दिवसापासून बाईंविषयीचे माझे मत बदलले. पैसे घेणाऱ्या कंपनीने मात्र मूत्रपिंडाविषयी मला एकदाही विचारले नव्हते.

त्या बाईंच्या लेखनाचे आणखी दोन गुण सांगतो. आकडा कच्च्या पदार्थाचा की शिजवलेल्याचा, हे त्या नेहमी लिहितात, आणि वाटीचे माप मिलिलिटरमध्ये देतात (वाचून अक्षरशः हायसे वाटले). नावापुढे इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या परीक्षेनंतर मिळणारी ‘आर. डी.’ (रजिस्टर्ड डायटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) ही नोंद आहे. आमच्या कंपनीच्या सल्लागाराच्या नावापुढे ‘कोच’ एवढेच होते, आणि पावडरचा डबा विकण्याची घाई त्याला तिसऱ्याच आठवड्यात झाली होती. बाईंचा दोष एवढाच की त्यांची उदाहरणे पुण्या-मुंबईच्या ताटाची असतात. जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला), शेव आणि थंडीतला तळलेला गराडू हा कंद यांचे गणित इंदूरकराला स्वतःच करावे लागते. दिवसाला एकूण ५ ग्रॅम मीठ ही मर्यादा धरली, तर आमच्या जीरावनाची चिमूट जपूनच टाकावी लागते.

एप्रिलमध्ये एचबीए१सी ६.१ होते, जुलैमध्ये ५.८ आले. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ही तपासणी रक्तातील साखरेची मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून मी त्याआधी पुन्हा तपासणी केली नाही आणि तेवढे पैसेही वाचवले. याचे सर्व श्रेय आहाराला देणे योग्य होणार नाही. मार्चपासून रोज सकाळी नेहरू पार्कात पाऊण तास चालतो आहे.

वजनकाट्याला पाचपैकी पाच. सदस्यत्वाला एक, तेही पोह्यांसाठी. सुनेने आता १५० मिलिलिटरची एक वाटी शोधून आणली आहे आणि तिच्या तळाला माझे नाव कोरून घेतले आहे; सौ. त्याच वाटीने पीठ मोजते, हा भाग वेगळा.