कंबरदुखीच्या नावाखाली ३३,००० रुपयांचा चुना : जामच्या ढाब्यावर कुणी ‘साहेब’ भेटले तर सावध

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘गेले असतील हजार-दोन हजार’ असं कुणाला वाटायला नको. ३३,००० रुपये. त्यातले २५,००० यूपीआयने, ८,००० रोख. बदल्यात पावभर राखाडी भुकटी आणि काळपट तेलाची एक बाटली.

मी बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर आहे. नागपूर-चंद्रपूर, नागपूर-यवतमाळ, मधूनच अमरावती. कुठेही जा, एका बाजूचे दीडशे किलोमीटर, आणि त्याच दिवशी परत. खरिपाच्या तोंडावर तर अख्खा संसार गाडीतच असतो. बुटीबोरीपर्यंत कंबर बरी असायची, वर्धा जिल्ह्यातलं जाम गाव येईस्तोवर कुल्ल्यातून मांडीत कळ उतरायची. क्लच दाबला की डोळ्यापुढे चांदण्या. ज्यांनी हे भोगलंय त्यांनीच माझ्या अकलेवर बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं.

त्या दिवशी जामला चहासाठी थांबलो. दार धरून वाकडातिकडा उतरत होतो, तर बाजूच्या पांढऱ्या गाडीतून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मवाळ. “भाऊ, रागावू नका, पण किती दिवसांपासून आहे हे?” कोळसा खाणीत अधिकारी आहेत म्हणे. वडिलांना ऑपरेशन सांगितलं होतं, आता ते रोज फिरायला जातात म्हणे. चहाचे पैसेसुद्धा त्यांनीच दिले. कागदावर आठ-दहा झाडपाल्याची नावं लिहून दिली आणि म्हणाले, “कुठूनही घ्या. फक्त भेसळ नको. माझ्या ओळखीचा एक आहे उमरेड रोडला, त्याला फोन करून ठेवतो.”

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यांना बागेत, बँकेसमोर, देवळाच्या पायरीवर गाठतात, तीच ही ठगांची जात. विकणारा वेगळा, वाट दाखवणारा वेगळा. वाट दाखवणारा एक रुपया मागत नाही, म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसतो. मी हा प्रकार ऐकून होतो, पण तो म्हाताऱ्यांच्या बाबतीत. बेचाळिशीतल्या माणसाला भर हायवेवर कोण गाठेल?

आता जिथे मला कळायला पाहिजे होतं, ती जागा सांगतो. उमरेड रोडच्या त्या दुकानात गेलो, तर काउंटरवर मिक्सर आधीच प्लग लावून ठेवलेला. शेजारी डिजिटल काटा, पण त्याचा आकडा दिसणारा भाग काउंटरमागच्या पोराकडे वळवलेला. पोरगा म्हणाला, “मुख्य औषध पंधरा तोळे लागेल, दर दोनशे वीस.” कशाचे दोनशे वीस, ते बोललाच नाही. आपल्याकडे तोळा म्हटलं की तोळ्याचाच दर कुणीही धरेल! पंधरा गुणिले दोनशे वीस, ३,३००. मी मान हलवली. मान हलते न हलते तोच मिक्सर सुरू. झाकणातून राखाडी धूळ उडाली, काउंटरवर बसली, आणि पोरानं ती बोटानं पुसून परत डब्यात टाकली. धुळीचाही भाव लावणारा तो माणूस, त्याच वेळी उठून निघायला हवं होतं!

मग कागद समोर आला. १५० ग्रॅम, दर २२० प्रति ग्रॅम, ३३,०००. बाकी जडीबुटी १,४५०, तेल ८५०. एकूण ३५,३००. प्रति ग्रॅम हे शब्द पावतीवर छापलेलेच होते, मुंगीएवढ्या अक्षरात. मी आवाज चढवला तर मागच्या पडद्यातून दोन जण येऊन दाराशी उभे राहिले. हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसते उभे. “कुटलेला माल परत होत नाही काका, पण साहेबांच्या ओळखीचे आहात, २,३०० सोडून देतो.” मी तिथेच यूपीआयने २५,००० पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव दुकानाचं नाही, भलत्याच बाईचं आलं. तेही दिसलं होतं. खिशात १,५०० होते, उरलेले ६,५०० काढायला त्यातला एक जण माझ्यासोबत एटीएमपर्यंत आला. आता कुणी म्हणेल, तिथून पळायचं होतं. कंबरेतून सरळ उभं राहता येत नव्हतं, पळता कुठे!

सगळ्यात जास्त काय झोंबतं सांगू? मी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना ओरडून सांगतो, टॅग नसलेलं बियाणं घेऊ नका, लॉट नंबर बघा, पक्कं बिल घ्या. आणि ज्या डब्यावर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटकांची नावं नाहीत, तारीख नाही, तो मी घेऊन आलो. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवरही हे सगळं असावं लागतं. नसेल तर ते औषधच समजू नका. घरी बायकोनं डबा उघडून वास घेतला आणि एवढंच म्हणाली, “बाप्पा, हे तुम्ही खाणार आहात काय?”

नाही खाल्लं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी डबा बाजूलाच सरकवला. म्हणाले, अशा बिनलेबलच्या पुड्यांत कधी शिसं-पारा निघतो, कधी स्टेरॉइड. स्टेरॉइडनं चार दिवस बरं वाटतं, आणि माणूस पुढची पुडी घ्यायला जातो. त्यांनी ५०० रुपये फी घेतली आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मॅडम माझ्यासोबत खाली पार्किंगमध्ये आल्या. सीट एक खाच पुढे घ्यायला लावली, म्हणजे क्लच पूर्ण दाबताना पाय ताणला जाणार नाही. पाठ किंचित मागे झुकलेली, शंभर-एकशेदहा अंशांच्या आसपास. टॉवेलची गुंडाळी पट्ट्याच्या उंचीवर, कमरेच्या खोलगट भागात. आणि मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढून डॅशबोर्डवर ठेवलं. त्या पाकिटावर बसूनच मी रोज चंद्रपूर गाठत होतो. तासा-दीड तासानं उतरून पाच मिनिटं चालायचं. आणि पोहोचल्याबरोबर डिकीतून सॅम्पलची पोती उचलायची नाहीत, आधी थोडं हिंडायचं. याला पैसे लागत नाहीत, म्हणून हे सांगणारा कुणी ढाब्यावर भेटत नाही. पण पाय लुळा पडत असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवी-संडासचा ताबा जात असेल तर टॉवेल-बिवेल सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेलो. “तुम्हाला माल भेटला ना? पावती आहे ना? मग फसवणूक कशी?” मी पावतीवरची मुंगी दाखवली, तर म्हणे वाचून पैसे द्यायचे होते. मग म्हणे माणूस जामला भेटला, जाम वर्धा जिल्ह्यात, तिकडे जा. तिकडे म्हणाले दुकान नागपुरात, इकडे कशाला आले? हद्द कुठलीही असो, गुन्हा आधी नोंदवून घ्यायचा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. मी कागद पुढे केला. ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं तो वाचला नाही, त्यावर चहाचा ग्लास ठेवला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. औषधांचं सरकारी ऑफिस म्हणालं, लेबलच नाही तर हे औषध आहे हे कशावरून, सुट्टा झाडपाला असेल. म्हणजे लेबल लावलं नाही म्हणूनच तो सुटला! एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना प्रत्येक वेळी लाकडी बाकावर तासभर. कंबर तिथे जास्त मोडली. आणि या सगळ्यात दुकानाचं शटर खाली आलं. घरमालक म्हणाला, भाडेकरूचं नाव काही वेगळंच होतं. ढाब्यावरच्या साहेबांचा नंबर तर त्याच रात्रीपासून बंद.

पैसे यूपीआयने गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, बँकेच्या शाखेत रांगेत उभं राहून वेळ घालवू नका. मी तिथेच वेळ घालवला. काट्याचा आकडा आपल्याकडे वळवून घ्या. दर कशाचा, ते दुकानदाराला त्याच्या हातानं लिहायला सांगा आणि तोवर मिक्सरला हात लावू देऊ नका. कुणी एटीएमपर्यंत सोबत यायला निघाला तर रस्त्यातच आरडाओरड करा, लाजू नका.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत २ वर्षांची आहे. जाम, वरोरा किंवा कोंढाळीकडच्या ढाब्यावर असा खाणवाला साहेब ज्यांना भेटला असेल, त्यांनी पावती आणि क्यूआरवरच्या नावाचा स्क्रीनशॉट फेकू नये. तेच बाईचं नाव निघालं तर एकत्र तक्रार करता येईल.