एलएलव्हीएमचं 'ऑप्ट': काही महिन्यांच्या वापरानंतर

सी++मधल्या आकडेमोडीच्या कोडचा वेग वाढवणं हे माझं रोजचं काम. कंपायलरने काढलेली असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना, वाचली की शेवटी काय झालं ते कळतं, का झालं ते कळत नाही. ते कळायला सोर्स आणि असेंब्ली यांच्या मधला, कंपायलरचा आतला कोड, म्हणजे आयआर, वाचावा लागतो. एलएलव्हीएम या कंपायलर-संचासोबत येणारं, आयआरवर सुधारणा चालवणारं 'ऑप्ट' गेले काही महिने मी त्यासाठीच वापरतोय, आणि आता त्याच्याशिवाय माझं अडतं.

सुरुवातीलाच एक अडथळा येतो. क्लँग या एलएलव्हीएमच्या सी++ कंपायलरने ओ-झिरोवर (सुधारणा बंद ठेवून) काढलेल्या आयआरमध्ये प्रत्येक फंक्शनवर 'ऑप्टनन' हा शिक्का असतो. त्यामुळे ऑप्टचे बहुतेक पास, म्हणजे सुधारणेचे एकेक टप्पे, त्याला हातही लावत नाहीत, आणि तसं सांगतही नाहीत. आयआर ओ-टूवर (सुधारणा चालू ठेवून) काढायचा, फक्त क्लँगला 'डिसेबल-एलएलव्हीएम-पासेस' सांगायचं, की कोरा पण सुधारण्याजोगा आयआर मिळतो.

प्रत्येक पासनंतर आयआर छापणाऱ्या 'प्रिंट-आफ्टर-ऑल'च्या वाटेला जाऊ नका, पडदा भरून वाहतो. 'प्रिंट-चेंज्ड'ला 'डिफ-क्वाएट' दिलं की ज्या पासने काही बदललं तेवढाच फरक दिसतो. एसआरओए या पासनंतर अलोका, लोड, स्टोअर (मेमरी राखणं, वाचणं, लिहिणं) नाहीसे होऊन त्यांच्या जागी फाय (आलेल्या वाटेनुसार मूल्य निवडणारी सूचना) आलेले पाहिले, की एसएसए, म्हणजे प्रत्येक नावाला एकदाच मूल्य देणारी आयआरची पद्धत, जितकी कळते तितकी कुठल्याही व्याख्यानातून मला कळली नव्हती.

खरी किंमत कळली ती एका साध्या लूपमुळे. फ्लोट ॲरेची बेरीज, बस्स. तोच लूप इंटवर व्हेक्टराइझ व्हायचा (एका सूचनेत अनेक आकडे हाताळायचा), फ्लोटवर नाही. 'पास-रिमार्क्स-ॲनालिसिस' लावल्यावर कारण स्पष्ट छापून आलं: फ्लोटिंग-पॉइंट क्रियांचा क्रम बदलणं सुरक्षित आहे हे सिद्ध करता येत नाही. बरोबरच आहे. फ्लोटमध्ये आधी कोणते दोन आकडे मिळवले यावर राउंडिंग ठरतं, त्यामुळे क्रम बदलला की उत्तर किंचित हलू शकतं. मग मी आयआरची फाइल एडिटरमध्ये उघडली, 'एफॲड' या फ्लोट बेरजेच्या सूचनेपुढे 'रिअसोक' (क्रम बदलला तरी चालेल) हा एकच शब्द टाकला आणि ऑप्ट पुन्हा चालवलं. चार-चार फ्लोटची बेरीज समोर! मूळ कोडला हात न लावता तर्क तपासता येतो, ही या साधनाची सगळ्यात मोठी ताकद. नंतर सोर्समध्ये तेवढ्याच फंक्शनपुरता रिअसोसिएटचा प्रॅग्मा, म्हणजे कंपायलरला तशीच सूट देणारी ओळ, दिला. सगळ्या प्रोग्रॅमवर फास्ट-मॅथ (फ्लोटचे नियम सैल करणारा पर्याय) लादायची गरज उरली नाही.

त्रास आहेच. एलएलव्हीएमच्या 13व्या आवृत्तीपासून नवा पास मॅनेजर (पास चालवणारी व्यवस्था) मुळातच चालू आहे, त्यामुळे जुन्या लेखांतल्या कमांड आता चालत नाहीत. पासचं नाव 'पासेस' या पर्यायातूनच द्यावं लागतं. 17मध्ये टाइप असलेले पॉइंटर पूर्ण गेले. क्लँग आणि ऑप्ट एकाच आवृत्तीचे ठेवा, निम्मी डोकेदुखी संपते. छपाई ठरावीक फंक्शनपुरती ठेवणाऱ्या 'फिल्टर-प्रिंट-फंक्स'ला सी++ फंक्शनचं मँगल केलेलं, म्हणजे कंपायलरने टाइप वगैरे जोडून बनवलेलं, नाव लागतं. टेम्प्लेट असलं तर ते ओळभर लांब होतं आणि दर वेळी आयआरमधून शोधून चिकटवावं लागतं. इथे सोय हवीच होती.

कोणत्या पासपाशी उत्तर चुकायला लागतं ते शोधायला 'ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट' आहे. कितव्या पासपर्यंत चालवायचं तो आकडा निम्मा-निम्मा करत गेलं की गुन्हेगार पास सापडतो.

रजिस्टर कसे वाटले, कोणती इन्स्ट्रक्शन निवडली, हे मात्र ऑप्टमध्ये शोधू नका. ते पुढे 'एलएलसी' या आयआरमधून असेंब्ली काढणाऱ्या साधनात घडतं आणि तिथेच पाहायचं.