स्लिदर: एजंटच्या हाती देण्याआधी

स्लिदर म्हणजे सॉलिडिटी या भाषेत लिहिलेलं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम) न चालवता तपासणारं टूल. ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा कंपनीने ते 2018 मध्ये खुलं केलं. पैसे लागत नाहीत आणि कामही झटपट होतं. जाणकार माणसाच्या हातात ते उत्तम चालतं. स्वतः कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला द्यायचं असेल, तर आधी एजंट्स डॉट एमडी या एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये अर्धं पान सूचना लिहा. त्या नसतील तर चांगलं टूलही एजंटला भलत्याच वाटेला लावतं.

बसवणं सोपं आहे. पायथनच्या पिपने ‘स्लिदर-अ‍ॅनालायझर’ घ्या, सोबत ‘सॉल्क-सिलेक्ट’ घेऊन फाइलच्या प्रॅग्मात, म्हणजे व्हर्जन सांगणाऱ्या ओळीत, लिहिलेलं कंपायलर व्हर्जन निवडा. प्रॅग्मा 0.8.19 चा आणि मशीनवर 0.8.10 असेल तर तपासणी सुरूच होत नाही. अशा वेळी एजंटला प्रॅग्माच बदलायचा मोह होतो. पहिली सूचना हीच लिहा: प्रॅग्माला हात लावायचा नाही, कंपायलर बदलायचा.

दुसरी सूचना एक्झिट कोडची, म्हणजे टूल संपताना परत देतं त्या आकड्याची. दोष सापडले की स्लिदर शून्याऐवजी दुसरा कोड परत करतं. एजंटला वाटतं टूलच कोसळलं. मग तो ते पुन्हा बसवतो, नाहीतर तपासणी वगळून पुढे सरकतो. ‘फेल-नन’ हा पर्याय लावा आणि निकाल जेसनमधून (टूलने लिहिलेल्या, नावं आणि किमती मांडलेल्या मजकुरातून) वाचायला सांगा. ‘सक्सेस’ खरं असेल तर तपासणी पूर्ण झाली. दोष ‘रिझल्ट्स’च्या आत ‘डिटेक्टर्स’मध्ये सापडतात, प्रत्येकापुढे ‘इम्पॅक्ट’ (किती गंभीर) आणि ‘कॉन्फिडन्स’ (किती खात्री) लिहिलेले असतात.

याच जेसनमध्ये एक खड्डा आहे. त्या नावाची फाइल आधीच असेल तर स्लिदर ती खोडून नवी लिहीत नाही, एका ओळीत तसं सांगतं आणि सोडून देतं. एजंट कोड दुरुस्त करतो, टूल पुन्हा चालवतो, जुनीच फाइल वाचतो आणि दोष अजून आहे असं समजून नीट झालेला कोड परत उसवतो. फाइलच्या नावाऐवजी डॅश द्या, म्हणजे निकाल थेट टर्मिनलवर येतो. दोष एकेक करून निवडायचा ट्रायज मोड एजंटला देऊच नका, तो माणसाच्या उत्तराची वाट बघत बसतो.

आता टाइपचा, म्हणजे कोडमधला आकडा कुठल्या प्रकारचा याचा, मुद्दा. इथे स्लिदरची मर्यादा स्पष्ट दिसते. इंदूरच्या सराफ्यात तोळा म्हटलं की 10 ग्रॅमचा की जुना 11.66 चा, हे गिऱ्हाईक आधी विचारून घेतं. कंपायलर विचारत नाही. सोन्याच्या भिशीचं कॉन्ट्रॅक्ट घ्या. सभासद हप्ता यूएसडीसीत (डॉलरशी बांधलेल्या डिजिटल नाण्यात) भरतो, त्याला 6 दशांश. कॉन्ट्रॅक्टला बाहेरचे भाव पुरवणाऱ्या चेनलिंकचा सोन्याचा भाव डॉलरमध्ये, त्याला 8 दशांश, आणि तो ट्रॉय औंसाचा, म्हणजे 31.1035 ग्रॅमचा. सभासदाला हिशेब ग्रॅममध्ये हवा. चेनलिंकचा भाव इंट256 मध्ये येतो, तो बदलून घेतला की तिन्ही आकडे यूइंट256, म्हणजे साधे पूर्णांक. 50 यूएसडीसीचा हप्ता आत 5,00,00,000 असा साठतो. दशांश न जुळवता त्याला भावाने सरळ भागलं, तर पूर्णांक भागाकारात उत्तर शून्य येतं; आधी मोठ्या आकड्याने गुणून घेतलं, तरी 6 आणि 8 च्या फरकामुळे सभासदाच्या नावावर शंभरावा हिस्साच सोनं चढतं. कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि स्लिदरही काही बोलत नाही. गुणाकाराआधी केलेला भागाकार ते पकडतं, ट्रान्सफरचं न तपासलेलं उत्तर पकडतं. हा आकडा ग्रॅमचा की औंसाचा, हे कळायला त्याच्याकडे काही साधनच नाही.

ते साधन भाषेतच आहे. सॉलिडिटी 0.8.8 पासून स्वतःचे व्हॅल्यू टाइप करता येतात, आणि 0.8.19 पासून त्यांना अधिक-उण्याची चिन्हंही जोडता येतात. ‘टाइप ग्रॅम इज यूइंट256’ आणि तसाच औंसाचा वेगळा टाइप लिहिला की ग्रॅममध्ये औंस मिसळणारी ओळ कंपाइलच होत नाही. एजंटला हे फार मानवतं, कारण चूक ओळीच्या क्रमांकासकट लगेच समोर येते. पण पळवाटही तिथेच आहे. एरर घालवण्यासाठी तो जिथे-तिथे ‘अनरॅप’ (टाइप काढून आतला साधा आकडा देणारी क्रिया) लावतो आणि टाइप नावापुरता उरतो. ‘अनरॅप’ फक्त रूपांतराच्या एका फाइलमध्ये चालेल, असं लिहून ठेवा. बाहेर तो दिसला तर बिल्ड नापास करा, त्यासाठी मजकुरात शब्द शोधणारं साधं ग्रेप पुरतं.

कास्टवरही, म्हणजे आकडा एका टाइपमधून दुसऱ्यात बदलण्यावरही, लक्ष हवं. सॉलिडिटी 0.8 पासून बेरीज-गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर व्यवहार रद्द होतो, कास्टला मात्र ते संरक्षण नाही. यूइंट256 मधल्या 300 चं यूइंट8 केलं की मुकाट 44 उरतात. ओपनझेपेलिन या लायब्ररीचं सेफकास्ट सक्तीचं करा.

आणि ‘स्लिदर-डिसेबल-नेक्स्ट-लाइन’ ही कॉमेंट टाकायचा अधिकार एजंटला देऊ नका. त्या एका ओळीने इशारा गायब होतो, दोष तिथेच राहतो. कमिटमध्ये अशी कॉमेंट नव्याने आली असेल तर माणसाने कारण वाचून सही करावी, मगच मर्ज.