नाक उसवून पुन्हा शिवून घेतलं, त्याबद्दल

मी गेली बावीस वर्षं शिवणकाम करते. काम करताना टाचण्या ओठांत धरायची सगळ्यांना सवय असते, मला मात्र ते कधी जमलं नाही. तोंड मिटलं की जीव घाबरा व्हायचा. लहानपणी नाकावर चेंडू बसला होता. तेव्हापासून उजवी बाजू बंद आणि नाकही तिरकं. थेंब, वाफ, गोळ्या सगळं करून झालं आणि शेवटी आठ महिन्यांपूर्वी चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनकडून सेप्टोऱ्हायनोप्लास्टी, म्हणजे नाकाचा आतला पडदा आणि बाहेरचा आकार दोन्ही नीट करायचं ऑपरेशन, करून घेतली.

पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी माझा गाल बोटांनी बाहेरच्या बाजूला हलकेच ताणला आणि म्हणाले, आता श्वास घ्या. इतकी हवा आत गेली की मी दचकलेच. त्यांनी सांगितलं, मधला पडदा वाकडा आहेच, पण वरचा अरुंद भागही खचलाय, नुसता पडदा सरळ करून भागणार नाही. मी लगेच हात धुऊन घेतले. म्हटलं, उघडताच आहात तर जरा बारीकही करा. त्याला साफ नकार मिळाला. मधला उंचवटा घासून देतो म्हणाले, पण नाक आवळलं तर ज्यासाठी आलात तेच जाईल. कॉम्प्युटरवर नवं नाक दाखवतानाही त्यांनी बजावलं की हा नुसता अंदाज आहे, हमी नव्हे. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येणारा कारागीर मला आवडतो.

आत काय करणार ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पडद्याच्या मधल्या भागातून कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढायची, वरची आणि पुढची कड साधारण सेंटीमीटरभर जागेवरच ठेवायची, नाहीतर नाक बसेल. काढलेल्या कूर्चेच्या दोन पट्ट्या करून पडद्याच्या दोन्ही अंगांना वरच्या बाजूला शिवायच्या, म्हणजे वाट उघडी राहते. मी म्हटलं, कॉलरमध्ये बकरम घालतो तसं. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

वेटिंग रूममध्ये एक आजोबा भेटले. त्वचेच्या कॅन्सरमुळे त्यांच्या नाकाचा शेंडा काढावा लागला होता. कपाळावरची कातडी पट्टीसारखी सोडवून, भुवईपाशी फिरवून नाकावर शिवलेली. भुवईकडचं टोक मुद्दाम तोडलेलं नव्हतं, रक्तपुरवठा तिथूनच येतो. नवीन जागी धरलं की साधारण तीन आठवड्यांनी ते कापतात. थानापासून न कापताच तुकडा जोडायचा, असा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. पण ही युक्ती जुनीच आहे. भारतात कपाळाच्या कातडीचं नाक केल्याची हकीकत 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली आणि त्यावरून तिकडचे सर्जन शिकले.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं. दुखलं त्यापेक्षा कोंडल्यासारखं जास्त वाटलं. डोळ्यांखाली जांभळं, नाक शिंकरायचं नाही, झोपायचं ते उशा उंच करून. सातव्या दिवशी वरचं स्प्लिंट, म्हणजे नाकावर बसवलेला कडक आधार, आणि टाके निघाले. आरसा मागून घेतला तो नाक बघायला नाही, शिवण बघायला. दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर टाक्यांची रेघ, सरळ नाही, मध्ये छोटा कोन दिलेला. जोड दिसू नये म्हणून. आज मला ती बोटाने शोधावी लागते.

आता तक्रार. चष्म्याचं वजन सहा आठवडे नाकावर नको, हे मला स्प्लिंट काढल्यावर कळलं! घरी जाताना दिलेल्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. चष्म्याशिवाय मला सुईचं नेढं दिसत नाही आणि कामं तर कबूल करून बसलेली. शेवटी दांड्यांच्या मधोमध चिकटपट्टी लावून चष्मा कपाळाला टांगला. दिसायचे कशी ते विचारू नका. तिसऱ्या रात्री गुलाबी पाणी गळायला लागलं तेव्हा दिलेला नंबर कुणी उचलला नाही. सकाळी समजलं की तेवढं चालतं. हे वाक्य रात्री मिळालं असतं तर झोप लागली असती.

नाक सुंदर झालंय का? सरळ झालंय. नवऱ्याच्या मते काही फरक नाही, फक्त मी घोरत नाही. शेंडा अजून जरा जाड आणि बधिर आहे. सूज तिथली शेवटी उतरते, वर्षही लागतं. डावी नाकपुडी उजवीपेक्षा केसभर मोठी वाटते, पण मी मापं घेणारी बाई, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. टाचण्या मात्र आता ओठांत असतात, एका वेळी सहा-सात.

पाचपैकी चार. एक गुण त्या न उचललेल्या फोनचा कापला. डाव्या नाकपुडीचं डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, वर्ष झाल्याशिवाय हात लावणार नाही. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगते, आधी एक धुणं होऊ दे, मग बघू.